थिसलगॉर्म

थिसलगॉर्म : तांबड्या समुद्रात, सिनाई द्वीपकल्पाच्या पश्चिमेस शाब अली या प्रवाळखडकाजवळ बुडालेले ब्रिटिश मालवाहू जहाज. त्याचे जलावतरण १९४० मध्ये इंग्लंडमधील संडरलंड येथे झाले. उत्तर आफ्रिकेतील ब्रिटिश फौजेसाठी युद्धसामग्री घेऊन ते आफ्रिकेला वळसा घालून आले आणि सुएझ कालव्यात शिरण्याची वाट पाहत नांगरून राहिले. ६ ऑक्टोबर १९४१ च्या रात्री जर्मन विमानांचे बॉम्ब त्याच्यावर पडले, दारूगोळ्याचा स्फोट झाला आणि नऊ जण मृत्युमुखी पडले. जगभरच्या स्कूबा डायव्हरांना आज या जहाजाची ओढ आहे ती मुख्यतः त्यातल्या मालामुळे. सुमारे ३० मीटर खोलीवर पुढच्या कोठारांत बेडफर्ड ट्रक ओळीने उभे आहेत, ट्रकच्या हौद्यांत मोटरसायकली दाटीने रचलेल्या आहेत आणि कित्येक चाकांवर रबरी टायर अजून आहेत. बाजूला रायफली आणि गमबुटांचे ढीग आहेत. डेकवरची रेल्वे इंजिने स्फोटाने उडून समुद्रतळावर जाऊन पडली. युद्धकाळात एका फेरीत काय काय भरले जाई, हे इथे रचलेल्या अवस्थेतच पाहता येते. म्हणून या अवशेषांचे मोल त्या रचनेत आहे, आणि मोटरसायकलचा एखादा भाग जरी कोणी उचलून नेला तरी ती रचना मोडते.

ही मोडतोड जुनीच आहे. १९५० च्या दशकात फ्रेंच सागरसंशोधक झाक कूस्तो यांच्या पथकाने जहाजाची घंटा, तिजोरी आणि एक मोटरसायकल वर काढली. १९९० च्या दशकापासून पर्यटन वाढले, तसे बोटींचे दोरखंड थेट कठड्यांना आणि डेकवरच्या यंत्रांना बांधले जाऊ लागले. लाटांच्या हिसक्यांनी गंजलेले लोखंड फाटते. डायव्हरांनी सोडलेली हवा छताखाली अडकून राहते आणि तिच्यातल्या ऑक्सिजनमुळे गंज वाढतो.

खारे पाणी हे लोखंड कधी तरी खाणारच, मग डायव्हिंगवर निर्बंध कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण गंजाला दशके लागतात, दोरखंडाला एक खवळलेला दिवस पुरतो. आणि दोरखंड माणसाच्या हातात आहे. मृतांचे स्मरण म्हणून डायव्हिंग बंदच करावे, ही मागणी अधिक गंभीर आहे. तरीही बंदीने किनाऱ्यावरच्या लोकांची रोजी जाईल आणि अवशेषांवर रोज नजर ठेवणारेही उरणार नाहीत. बोटी बांधायला कायमचे बोये आणि एका वेळी उतरणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा, हाच न्याय्य मार्ग आहे. युनेस्कोचा २००१ चा करार किमान शंभर वर्षे पाण्याखाली असलेल्या अवशेषांना लागू होतो. थिसलगॉर्मची शंभर वर्षे २०४१ मध्ये भरतील. तोवर तेथे जाणाऱ्याने बोट कशाला बांधली जाते, याची चौकशी करूनच बुकिंग करावे.