छिद्राची कुळकथा

रात्री अचानक अर्धं डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात. कोल्हापुरात अशा वेळी पहिला संशय पित्तावर. मग आल्याचा रस, मग दुकानातली गोळी, आणि डोळा लालभडक झाला की सकाळी सीपीआर हे सरकारी रुग्णालय, नाहीतर डोळ्यांचा खासगी दवाखाना. तिथं कळतं की हे पित्त नव्हे, काचबिंदूचा झटका आहे. आतलं पाणी वाहून जाण्याची वाट बंद होऊन डोळ्याचा दाब चढलेला असतो. थेंब आणि औषधांनी तो उतरवला की डॉक्टर सांगतात, लेसरनं बुबुळाला बारीक छिद्र पाडू. बहुधा दुसऱ्या डोळ्यालाही, कारण त्याची ठेवण तशीच अरुंद असते.

हे छिद्र लेसरपेक्षा शंभर वर्षांनी थोरलं. बर्लिनच्या आल्ब्रेख्त फोन ग्रेफे यांनी १८५७ मध्ये जाहीर केलं की आयरिसचा, म्हणजे बुबुळातल्या रंगीत पडद्याचा, तुकडा कापून काढला की असा झटका आटोक्यात येतो. का येतो, हे त्यांना नीट सांगता आलं नव्हतं. ते उत्तर अमेरिकेतल्या एडवर्ड करन यांनी १९२० मध्ये दिलं: पाणी पडद्यामागं अडतं आणि पडदा पुढं फुगून निचऱ्याचा कोपरा बंद करतो. म्हणजे मोठा तुकडा काढायची गरजच नव्हती, कडेला एक भोक पुरेसं होतं. पण त्यासाठी डोळा उघडावाच लागे.

न उघडता भोक पाडायची कल्पना आली ती ग्रहणातून. ९ जुलै १९४५ चं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहून एका विद्यार्थ्याचं दृष्टिपटल भाजलं. हॅम्बुर्गच्या गेर्ट मायर-श्विकेराथ यांनी तो डाग पाहिला आणि त्यांना वाटलं, हेच भाजणं उपचाराला का वापरू नये? आरशांनी सूर्यप्रकाश डोळ्यात सोडण्यापर्यंत या गृहस्थाची मजल गेली. ढगाळ हवेत काम बंद, म्हणून पुढं झेनॉनचा दिवा आला. १९५६ मध्ये त्यांनी त्याच दिव्यानं आयरिसला छिद्र पाडून दाखवलं. छिद्र झालं, पण पुढचा कॉर्निया आणि मागचं भिंगही भाजलं.

माझ्या मते या कुळाची खरी गोष्ट इथं सुरू होते. छिद्र पाडणं कधीच फार अवघड नव्हतं. अवघड होतं ते कॉर्नियातून, बुबुळावरच्या त्या जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या पारदर्शक काचेतून, तिला न दुखवता पलीकडं जाणं. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. तो सतत पाणी उपसतो म्हणून काच स्वच्छ राहते. मोठ्या माणसात या पेशी नव्यानं तयार होत नाहीत. एक मेली की शेजारची पसरून जागा भरते. फारच कमी उरल्या की काच सुजते, धुरकट होते, वर पाण्याचे फोड येतात. सकाळी जास्त धूसर दिसतं, कारण मिटलेल्या पापणीखाली रात्रभर पाणी उडून जात नाही.

सत्तरच्या दशकात आर्गॉन लेसर आला. तो रंगद्रव्य तापवून भोक पाडतो. आपल्यासारखे गडद तपकिरी, जाड पडदे जाळायला मारे पुष्कळ लागतात, आणि उष्णता जवळच्या काचेलाही पोचते. नेत्रतज्ज्ञ अब्राहम यांनी डोळ्यावर ठेवायचं खास भिंग काढलं. त्यामुळं किरण पडद्यावर एकवटतो आणि कॉर्नियावर पसरट राहतो. तरी हिशेब चुकता झाला नाही. जपानमध्ये हा उपचार फार झाला, आणि २००७ मध्ये छापलेल्या तिथल्या देशव्यापी पाहणीत फोड येऊन निकामी झालेल्या कॉर्नियांपैकी जवळपास पाव डोळ्यांमागं आर्गॉनचं छिद्र निघालं. बिघाड वर्षांनी उगवला होता. अर्थात सगळा दोष किरणाचा नाही, खुद्द झटकाही त्या पेशी मारतो.

ऐंशीच्या दशकात पॅरिसच्या दानिएल आरों-रोझा आणि बर्नचे फ्रान्झ फाँकहाउझर यांच्या कामातून याग लेसर नेत्रतज्ज्ञांच्या हाती आला. तो जाळत नाही. सेकंदाच्या अब्जांश भागांत सूक्ष्म स्फोट करून पडदा फोडतो. रंगाशी त्याला देणंघेणं नाही, मारे थोडे पुरतात. पडदा काचेला अगदी टेकलेला असेल तर मात्र स्फोटाचा धक्का आतल्या थरावर पांढरा ठिपका उमटवतो. म्हणून आधी पायलोकार्पिनचे थेंब घालून बाहुली आकसवतात, पडदा ताणून पातळ करतात. फारच जाड पडद्याला काही जण आधी आर्गॉननं पातळ करून मग याग मारतात.

झटका न आलेल्या, नुसत्या अरुंद कोपऱ्याच्या डोळ्यांचं काय? ग्वांगझूत ८८९ जणांच्या एकेका डोळ्याला लेसर केला, दुसरा तसाच ठेवला. २०१९ मध्ये निकाल आला: सहा वर्षांत लेसर केलेल्यांपैकी १९ आणि न केलेल्यांपैकी ३६ डोळे बिघडले. फायदा खरा, पण थोडा. त्यामुळं अशा प्रत्येक डोळ्याला सरसकट छिद्र पाडण्याऐवजी आधी भिंग लावून कोपरा तपासतात, आतल्या थराची अवस्था बघतात, आणि पुष्कळांना वर्षानं पुन्हा बोलावतात.