नेट नसतानाही मॅन्युअल हाताशी: ऑफलाइन प्रत कोणती ठेवावी, अद्ययावत कशी राखावी?

घाटमाथ्यावरचं गाव असो की नेट न जोडलेली कॉलेजची लॅब, सॉफ्टवेअरचं मॅन्युअल हार्ड डिस्कवर असलं की काम अडत नाही. मात्र ही प्रत चुकीच्या आवृत्तीची असेल तर मदतीऐवजी घोटाळाच होतो.

पोस्टग्रेस या डेटाबेसचं उदाहरण घ्या. ११व्या आवृत्तीपर्यंत बॅकअपमधून डेटा परत आणताना 'रिकव्हरी डॉट कॉन्फ' नावाची फाइल तयार करावी लागायची. ऑक्टोबर २०१९ मध्ये आलेल्या १२व्या आवृत्तीने ही पद्धत मोडीत काढली. आता ती फाइल डेटा फोल्डरमध्ये सापडली, तर सर्व्हर सुरूच होत नाही. जुनं मॅन्युअल बघून काम करणारा ऐन अडचणीच्या वेळी आणखी अडकतो.

उलटंही घडतं. पायथनमधलं 'मॅच' हे विधान ३.१० आवृत्तीपासून, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून आलं. नव्या मॅन्युअलवरून ते शिकून ३.८ असलेल्या मशीनवर लिहिलं, तर सिंटॅक्स एरर ठरलेलीच. म्हणून प्रत सगळ्यात नवी असण्यापेक्षा मशीनवरच्या आवृत्तीची असणं महत्त्वाचं.

कुठून मिळते?

लिनक्सवरची 'मॅन' पानं: ही बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या पॅकेजसोबतच येतात आणि त्याच्याबरोबरच अपडेट होतात. मिनिमल इन्स्टॉलेशनमध्ये मात्र ती काही वेळा वगळलेली असतात, आधी बघून घ्यावं.

पायथन आणि पोस्टग्रेस: पायथनच्या अधिकृत साइटवर आवृत्तीनुसार एचटीएमएल, साधा मजकूर आणि ईपब अशा प्रती मिळतात. पोस्टग्रेसचं मॅन्युअल ए-४ आकाराच्या पीडीएफमध्ये उतरवता येतं.

झील: विंडोज आणि लिनक्ससाठी मोफत. अनेक भाषांची मॅन्युअल्स एकाच ठिकाणी शोधता येतात. मॅकवर हेच काम डॅश करतं.

डेव्हडॉक्स: ब्राउझरमध्येच चालतं. हवी ती मॅन्युअल्स निवडून ऑफलाइन साठवता येतात.

किविक्स: अँड्रॉइड फोनवरही चालतं. झिम फाइलमध्ये अख्खी साइट मावते, पण अद्ययावत करायची तर बहुधा पूर्ण फाइल पुन्हा उतरवावी लागते. त्यामुळे डेटा पॅक बघूनच हात घालावा.

अद्ययावत कशी ठेवायची?

फोल्डरच्या नावातच आवृत्ती आणि तारीख लिहावी. सॉफ्टवेअर अपग्रेड केलं की त्याच दिवशी मॅन्युअल बदलावं. जुनी प्रत मात्र लगेच पुसू नये. ती आवृत्ती चालवणारं शेवटचं मशीन बदलेपर्यंत ती लागते.

पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती साधारण वर्षातून एकदा येते, तर पायथनची नवी आवृत्ती अलीकडे दर ऑक्टोबरमध्ये. खंडेनवमीला कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहिलं जातंच. त्याच सुमारास सगळ्या प्रतींची वार्षिक तपासणी उरकता येते. मधल्या काळात महिन्यातून एकदा नजर टाकली तरी पुरे.

ऑफिसात दहा मशीन असतील तर दहादा डाउनलोड नको. एका मशीनवर उतरवून बाकीच्यांवर 'आरसिंक'ने पाठवावं. ते फक्त बदललेला भाग पाठवतं, त्यामुळे वेळ वाचतो. पेन ड्राइव्हने मोठी फाइल नेली, तर साइटवर दिलेला एसएचए-२५६ आकडा जुळतो का ते बघावं. अर्धवट कॉपी झालेली फाइल तिथेच पकडली जाते.

शेवटची चाचणी सोपी आहे. वायफाय बंद करून मॅन्युअल उघडा आणि त्यात एखादा शब्द शोधा. ब्राउझरमधून सेव्ह केलेल्या पानांचा शोध आणि चित्रं अनेकदा नेटवरच अवलंबून असतात. हे गरज पडण्याआधी कळलेलं बरं.