तळटीप १४ : कापणीच्या सणाचे अर्पण

१४. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हा वर्षातला मोठ्या अर्पणाचा दिवस. शिरूरला, म्हणजे लोकांच्या तोंडच्या घोडनदीला, एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. रोख पैसा जपून वापरणाऱ्या अशा शेतकरी मुलखात ज्वारी, कोंबडी, अंडी, भोपळा हेच दान. उपासना संपली की लिलाव. अंड्याला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते आणि घेणारा पुष्कळदा तेच अंडे पुन्हा लिलावात ठेवतो. दशांशासाठी मलाखीचा तिसरा अध्याय दाखवतात. पौल मात्र करिंथकरांना आकडा सांगत नाही, मनापासून द्या म्हणतो. आम्हाला अंडे पौलाच्या बाजूचे वाटते. (सुगीचा पहिला वाटा देण्याची रीत इथे ख्रिस्ती लोकांपुरती नव्हती : शिरूरला १८०९ साली वारलेल्या कर्नल वॉलेसच्या समाधीलाही गावकरी धान्याचा नैवेद्य दाखवत.)

दौंड तालुक्यातल्या केडगावचे, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या ‘मुक्ती’ मिशनचे, निराळे. रमाबाईंच्या कामाला १८८७ साली बोस्टनमध्ये स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे मदतीची हमी दिली होती. १८९६-९७च्या दुष्काळातल्या मुली आल्यावर तेवढ्याने भागणे शक्य नव्हते. शेती, विहिरी आणि मिळेल ती देणगी यांवर ‘मुक्ती’ चालली.