सोव्हिएट संघातील लोकमत

सोव्हिएट संघातील लोकमत : कम्युनिस्ट राजवटीत (१९१७–९१) जनतेची मते आणि राज्यसत्ता यांच्यातील संबंध. कामगारवर्गाचे खरे हित पक्षच जाणतो, या लेनिनप्रणीत भूमिकेमुळे पक्षाहून वेगळ्या लोकमताला सिद्धान्तातच स्थान नव्हते. तरीही लोक काय बोलतात, याची सत्तेला कायम धास्ती असे. परिणामी लोकमत दुभंगले : जाहीर मत एकमुखी, खरे मत गोपनीय.

जाहीर मत निवडणुकांतून मांडले जाई. डिसेंबर १९३७ च्या सर्वोच्च सोव्हिएटच्या निवडणुकीत प्रत्येक जागेसाठी एकच उमेदवार होता. पुढे अनेक दशके ९९ टक्क्यांहून अधिक मतदान झाल्याचे जाहीर होई. खरे मत जाणण्यासाठी गुप्त पोलीस १९२० च्या दशकापासून कारखान्यांत आणि खेड्यांत चालणाऱ्या बोलण्याचे अहवाल नेत्यांकडे पाठवीत. असे मत नोंदविणेही धोक्याचे ठरे. जानेवारी १९३७ च्या जनगणनेत धर्माविषयी प्रश्न होता. निम्म्याहून अधिक प्रौढांनी आपण आस्तिक असल्याचे सांगितले. दुष्काळबळींमुळे लोकसंख्याही अपेक्षेहून कमी भरली. ही आकडेवारी दडपण्यात आली, जनगणनेच्या प्रमुखांना अटक झाली आणि १९३९ च्या जनगणनेतून धर्माचा प्रश्न वगळला गेला.

स्टालिनच्या मृत्यूनंतर (१९५३) दहशत ओसरली, तरी उघड विरोध असह्यच राहिला. जून १९६२ मध्ये मांस व लोणी महागल्याने नोव्होचेर्कास्क येथे कामगारांनी मोर्चा काढला. त्यावर गोळीबार होऊन वीसहून अधिक लोक मारले गेले आणि हे हत्याकांड सुमारे पाव शतक दडवून ठेवण्यात आले. समाजशास्त्रज्ञ बोरिस ग्रुशिन यांनी १९६० मध्ये ‘कोम्सोमोल्स्काया प्राव्दा’ या दैनिकात लोकमत संस्था सुरू केली; तीही त्याच दशकात बंद पडली.

गोर्बाचेव्ह यांच्या ग्लासनोस्त (खुलेपणा) धोरणामुळे हे चित्र बदलले. १९८७ मध्ये लोकमत-अभ्यासाचे अखिल संघीय केंद्र स्थापन झाले. तात्याना झास्लाव्स्काया त्याच्या पहिल्या संचालक होत्या. मार्च १९८९ च्या निवडणुकीत अनेक मतदारसंघांत खरी लढत झाली आणि लेनिनग्राडचे पक्षप्रमुख युरी सोलोव्ह्योव्ह पराभूत झाले.

खोट्या एकमतामुळे सर्वांत मोठी फसगत खुद्द सत्तेचीच झाली : आपल्याला कितपत पाठिंबा आहे, हे तिला कळेनासे झाले. १९९१ च्या फसलेल्या गोर्बाचेव्हविरोधी ऑगस्ट बंडानंतर रशियात कोट्यवधी सदस्यांच्या कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली, तेव्हा त्याच्या बचावासाठी कोणतेही व्यापक जनआंदोलन उभे राहिले नाही.