आगाशीची जुनी छायाचित्रे आणि मुक्त चित्रसंपादन प्रणाली : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

वसई तालुक्यातील आगाशी हे गाव सोळाव्या शतकात बंदर व जहाजबांधणीचे ठिकाण म्हणून प्रसिद्ध होते. भवानीशंकराचे मंदिर, मुनिसुव्रतस्वामींचे जैन मंदिर, केळीच्या वाड्या आणि त्या केळ्यांपासून तयार होणारी सुकेळी ही या गावाची ओळख होय. अशा गावाचा नजीकचा इतिहास केवळ सरकारी दप्तरांत सापडत नाही. घरोघरचे अल्बम, भिंतीवरील तसबिरी आणि पेटीत जपून ठेवलेली लग्नकार्याची छायाचित्रे यांतही तो साठलेला असतो. छायाचित्रात माणसांच्या पाठीमागे सहज आलेली विहीर, कौलारू घर वा वाडीचे कुंपण यांची नोंद अन्यत्र क्वचितच मिळते. ३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. परिसराचे नागरीकरण जसे वाढत गेले, तसे या चित्रांचे पुराव्यादाखल मोलही वाढले. दुसरीकडे समुद्रकाठची दमट हवा, बुरशी व वाळवी त्यांचा नाश करीत असतात. ही चित्रे वाचविण्याचे जे साधन सामान्य कुटुंबाच्या हाती आले, त्याचा इतिहास व त्याच्या वापराची मर्यादा तपासणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका :

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली. छायाचित्राची कला जितकी जुनी, जवळजवळ तितकीच ते 'सुधारण्याची' कलाही जुनी आहे. निगेटिव्हवर पेन्सिलीने चेहऱ्यावरचे डाग झाकणे, छापील प्रतीवर कुंचल्याने ठिपके भरणे, कृष्णधवल चित्र हाताने रंगविणे ही कामे स्टुडिओतील कुशल कारागीर करीत. हे कौशल्य विकत घ्यावे लागे व ते शहरात एकवटलेले होते. १९९० साली अडोबी कंपनीची 'फोटोशॉप' ही प्रणाली बाजारात आली आणि तेच काम संगणकावर होऊ लागले. परंतु तिची किंमत मध्यमवर्गीय घराला परवडणारी नव्हती.

मुक्त प्रणालीचा उदय :

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील स्पेन्सर किंबॉल व पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी १९९५ साली 'गिम्प' या चित्रसंपादन प्रणालीचे काम हाती घेतले. आरंभी ती 'मोटिफ' या विकाऊ साधनसंचावर अवलंबून होती. हे परावलंबन दूर करण्यासाठी 'जीटीके' हा स्वतंत्र संच तयार झाला व पुढे 'ग्नोम' हा संगणकाचा डेस्कटॉपही त्यावरच उभा राहिला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली घोषित केलेल्या 'ग्नू' प्रकल्पाशी गिम्प जोडली गेली. गिम्पची १.० आवृत्ती जून १९९८ मध्ये निघाली.

येथे 'मोफत' आणि 'मुक्त' यांतील भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. मोफत वस्तूला केवळ दाम पडत नाही. मुक्त प्रणाली मात्र वापरण्याचा, अभ्यासण्याचा, बदलण्याचा व इतरांस देण्याचा अधिकार देते. टोर लिल्क्विस्ट यांच्या प्रयत्नांमुळे ती विंडोजवरही चालू लागली. आपल्याकडील बहुतेक घरगुती संगणक विंडोजवरचे असल्याने ही घटना आपल्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

मार्च २००४ मधील २.० आवृत्तीत अक्षरलेखनासाठी 'पँगो' या बहुलिपी साधनाचा उपयोग करण्यात आला. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रातील अक्षरतज्ज्ञ र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा युनिकोड टंक विंडोज २००० बरोबर आलेलाच होता. त्यामुळे चित्रावर देवनागरी मजकूर, जोडाक्षरांसह, लिहिण्याची वाट मोकळी झाली. जुन्या चित्राखाली स्थळ, साल व माणसांची नावे मराठीतच नोंदविता येणे ही इतिहासाच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हे. कारण आजीला ठाऊक असलेली नावे लिहून न ठेवल्यास चित्र उरते, पण माहिती जाते.

दुरुस्ती आणि फेरफार :

सहा इंच बाय चार इंचांचे छायाचित्र ६०० डीपीआयने स्कॅन केले असता सुमारे ८६ लाख बिंदूंची प्रतिमा मिळते. रंगीत असल्यास ती अंदाजे २६ मेगाबाइट जागा व्यापते. 'लेव्हल्स' व 'कर्व्हज' यांच्या साहाय्याने फिकटलेल्या छटा परत उठावदार करता येतात. 'क्लोन' या साधनाने एका भागातील बिंदू दुसऱ्या भागावर उतरविता येतात, तर ऑक्टोबर २००७ च्या २.४ आवृत्तीत आलेले 'हील' हे साधन डाग भरताना आसपासच्या छटेशी मेळ साधते.

प्रश्न येथेच उद्भवतो. छटा वाढविणे म्हणजे चित्रात असलेले दाखविणे. क्लोन करणे म्हणजे नसलेले भरणे. चुरगळलेल्या चित्रात विहिरीचा काठ कोणता व फाटलेला कागद कोणता, याचा निर्णय दुरुस्त करणारा घेतो व पुढे तोच पुरावा समजला जातो. आगाशीजवळच्या अर्नाळा किल्ल्याच्या दरवाज्यावर बाजीरावाच्या काळातील देवनागरी शिलालेख आहे. अशा झिजलेल्या लेखाच्या छायाचित्राची छटा वाढविल्यास अक्षर वाचण्यास मदत होते. मात्र त्याच अक्षराची रेघ कुंचल्याने पूर्ण केल्यास आपण लेख वाचत नसून लिहीत असतो. सोव्हिएत रशियात पदच्युत झालेल्या येझोव्ह या अधिकाऱ्याची आकृती स्टॅलिनसोबतच्या छायाचित्रातून पुसण्यात आली, ती हेतुपुरस्सर. घरगुती दुरुस्तीत हेतू प्रेमाचा असतो, तरी पुराव्याची हानी सारखीच होऊ शकते. गहाळ चेहरा स्वतःच कल्पून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आजच्या काळात हा धोका अधिकच वाढला आहे.

सुदैवाने उपायही त्याच प्रणालीत आहे. गिम्पमध्ये दुरुस्ती मूळ चित्रावर न करता वेगळ्या थरावर करता येते व तो थर केव्हाही बाजूला सारता येतो. मार्च २०२५ च्या ३.० आवृत्तीने अनेक प्रक्रिया मूळ बिंदूंना धक्का न लावता करण्याची सोय दिली आहे.

निष्कर्ष :

१. मुक्त प्रणालीमुळे छायाचित्र-दुरुस्तीचे कौशल्य स्टुडिओतून घरात आले व स्थानिक इतिहासाच्या साधनांचे जतन कुटुंबांच्या हाती आले.

२. मूळ स्कॅन 'टिफ' स्वरूपात अस्पर्श ठेवावा. दुरुस्ती स्वतंत्र प्रतीत, वेगळ्या थरावर करावी आणि काय बदलले याची मराठीत नोंद ठेवावी.

३. जो भाग नष्ट झाला, तो नष्ट झाला असे दिसू देणे हीदेखील इतिहासाची सेवाच होय.

आगाशीच्या एखाद्या घरातील डागाळलेले चित्र सुंदर व्हावे ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु पुढील पिढीस सुंदर चित्रापेक्षा विश्वासार्ह चित्राची गरज अधिक भासेल, याचे भान संगणकापुढे बसणाऱ्याने ठेवले पाहिजे.