एका मिनिटाचा खेळाडू

बुद्धिबळ म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. दोन माणसं, मध्ये पट, कपाळाला हात, आणि अर्धा तास कोणी हलत नाही. आमच्या पिढीतले बरेच जण असं बुद्धिबळ फारसं खेळलेच नाहीत. आम्ही खेळलो ते माऊसने, तीन-तीन मिनिटांचे डाव, बिल्ड चालू असताना, समोरचा माणूस फिलिपीन्सचा की पेरूचा ह्याचा पत्ता नसताना. आणि त्यावर जाणत्या मंडळींचं एक वाक्य ठरलेलं: "असलं भराभर खेळून खेळ बिघडतो!"

खरंच बिघडतो का? ह्या प्रश्नाचा निकाल लावायला एक माणूस फार सोयीचा आहे. हिकारू नाकामुरा. त्याची अख्खी कारकीर्द म्हणजे ह्याच प्रश्नावर केलेला पंचवीसेक वर्षांचा प्रयोग आहे असं म्हटलं तरी चालेल. पण त्याच्याकडे वळण्याआधी तो ज्या मैदानात वाढला ते मैदान जरा बघू.

झटपट बुद्धिबळ काही इंटरनेटने जन्माला घातलेलं नाही. पाच मिनिटांचे डाव क्लबात आणि कॅफेत आधीपासून चालायचेच. १९७० साली तेव्हाच्या युगोस्लाव्हियातल्या हेर्सेग नोव्ही गावात बारा नामवंतांची ब्लिट्झ स्पर्धा झाली. त्यात बॉबी फिशरने २२ पैकी १९ गुण घेतले आणि दुसऱ्या नंबरावरच्या मिखाईल तालला साडेचार गुणांनी मागे टाकलं. पण असा योग क्वचित यायचा. चांगला खेळायचं तर तोडीचा माणूस समोर हवा, आणि तोडीची माणसं मॉस्कोत किंवा न्यूयॉर्कात असायची.

हे बदललं जानेवारी १९९२ मध्ये. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या मशीनवर 'इंटरनेट चेस सर्व्हर' सुरू झाला. टेलनेटने जोडायचं, आणि पट दिसायचा तो अक्षरं आणि रेघांनी काढलेला. खेळी टाइप करायची. आज हसू येईल, पण लोक रात्र-रात्र खेळायचे. अडचण एकच होती, नेटवर्क लॅग. तुम्ही दोन सेकंदात खेळी केलीत, पण ती सर्व्हरला पोचायला आठ सेकंद लागले तर दहाही सेकंद तुमच्याच घड्याळातून जायचे. म्हणजे डाव हरायचा तुमचा फोन लाईनवाला, आणि नाव तुमचं!

ह्यावर उपाय काढला कार्नेगी मेलनचे प्राध्यापक डॅनियल स्लीटर ह्यांनी. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात 'स्प्ले ट्री' ज्यांनी घोकली असेल त्यांना हे नाव ओळखीचं वाटेल, टार्जनसोबत ती शोधणारे तेच हे. त्यांनी सर्व्हरची जबाबदारी घेतली आणि विचाराचा वेळ खेळाडूच्या स्वतःच्या मशीनवर मोजायची सोय केली. प्रवासात गेलेला वेळ हिशोबातून बाद. पुढे १९९५ च्या मार्चमध्ये त्यांनी ह्याच सर्व्हरची 'इंटरनेट चेस क्लब' नावाची कंपनी केली आणि वर्षाची फी लावली. ज्यांनी फुकट राबून सर्व्हर उभा केला होता ते भडकले, आणि त्यांनी वेगळा फुकट सर्व्हर काढला. ओपन सोर्सवाल्या भांडणांची सगळी लक्षणं त्यात सापडतील. असो.

मुद्दा असा, की लॅगचा प्रश्न सुटला नसता तर एका मिनिटाचा डाव, म्हणजे 'बुलेट', घराघरात पोचलाच नसता. साठ सेकंदांत चाळीस-पन्नास खेळी करायच्या तर एका खेळीला सव्वा-दीड सेकंद. त्यात दोन सेकंदांचा लॅग कसा परवडणार?

ह्या मैदानात नाकामुरा उतरला. जन्म १९८७ चा, जपानमधल्या हिराकाताचा. दोन वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत आलं. सावत्र वडील सुनील वीरमंत्री हे मूळचे श्रीलंकेचे आणि नावाजलेले बुद्धिबळ प्रशिक्षक, म्हणजे घरात तालीम पद्धतशीर होती. २००३ साली पंधराव्या वर्षी तो ग्रँडमास्टर झाला आणि सर्वात लहान अमेरिकन ग्रँडमास्टर हा फिशरचा ४५ वर्षांचा विक्रम मोडला. आणि त्याच काळात इंटरनेट चेस क्लबवर 'स्मॉलविल' नावाचा एक खेळाडू भल्याभल्यांना मिनिटा-मिनिटात गुंडाळत होता. तो हाच.

त्याची शैली काय होती? सोप्या भाषेत सांगायचं तर समोरच्याला सतत कामाला लावणं. खेळी सर्वोत्तम आहे की नाही हा प्रश्न दुय्यम. ती खेळायला मला एक सेकंद लागतो आणि तिचं उत्तर शोधायला तुला सहा, हा सौदा मला परवडतो. आणि दुसरं म्हणजे डाव कधी सोडायचा नाही. हरलेल्या स्थितीतही काहीतरी खुसपट काढत राहायचं.

ह्या चिवटपणाचा कळस बघायचा तर २००८ चा त्याचा रिब्का ह्या प्रोग्रॅमविरुद्धचा तीन मिनिटांचा डाव बघा. रिब्का तेव्हा जगातलं सर्वात ताकदवान इंजिन. नाकामुराने पट प्याद्यांनी पूर्ण बंद करून टाकला आणि मोहरे नुसते मागे-पुढे हलवत बसला. रिब्काचं गणित सांगत होतं की आपल्याकडे जास्त मोहरे आहेत, म्हणजे आपण जिंकतोय. पण पन्नास खेळी कोणी काही मारलं नाही आणि प्यादंही हललं नाही, तर डाव बरोबरीत सुटतो. जिंकणाऱ्याने बरोबरी का घ्यावी? म्हणून रिब्काने ती टाळायला स्वतःच तटबंदी फोडली आणि हरला! अडीचशेहून जास्त खेळी. कोड चुकला नव्हता, स्पेसिफिकेशन चुकलं होतं. आपल्या धंद्यातल्या माणसाने हा डाव एकदा तरी बघावा :)

आता प्रयोगाची दुसरी बाजू. २००५ साली कोपनहेगन-माल्मोच्या स्पर्धेत, क्लासिकल म्हणजे सावकाश डावात, चेन्नईच्या शशिकिरणविरुद्ध नाकामुराने दुसऱ्याच खेळीला वजीर थेट एच-५ घरात आणला. शाळेत नवशिके पोरं चार खेळीत मात करायला जो वजीर बाहेर काढतात ना, तोच. एका मिनिटाच्या डावात ह्याने समोरचा गोंधळतो. शशिकिरणकडे विचार करायला तास होते. तो शांतपणे खेळला आणि जिंकला. जाणत्या मंडळींना हवा होता तसा पुरावाच मिळाला. बघा, बिघडला की नाही?

पण गंमत पुढेच आहे. हाच पोरगा २०११ साली विक आन झी इथल्या स्पर्धेत १३ पैकी ९ गुण घेऊन पहिला आला. मागे कोण होते? आनंद, आरोनियन, कार्लसन, क्रामनिक. २०१५ च्या ऑक्टोबरात त्याचं क्लासिकल रेटिंग २८१६ वर गेलं. भराभर खेळून बिघडलेल्या माणसाचं हे रेटिंग नव्हे. मग काय झालं?

इथे मानसशास्त्राचा एक जुना प्रयोग आठवतो. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन ह्यांनी खेळाडूंना पट काही सेकंद दाखवून तो आठवणीतून मांडायला सांगितला. खऱ्या डावातली स्थिती असेल तर मास्टर ती नवशिक्यापेक्षा कितीतरी अचूक मांडायचा. पण मोहरे वाटेल तसे विखरून ठेवले की मास्टरची ही आघाडी जवळजवळ संपायची. म्हणजे मास्टरची स्मरणशक्ती अचाट नसते, त्याच्याकडे ओळखीच्या रचनांचा प्रचंड साठा असतो. झटपट खेळणारा म्हणजे झटपट विचार करणारा नव्हे. त्याला विचार करावाच लागत नाही, तो ओळखतो. डेटाबेसला न जाता कॅशमधून उत्तर देतो म्हणा ना! आणि हा साठा हजारो डाव खेळूनच भरतो. तेव्हा ऑनलाईन डावांनी नाकामुराचा खेळ बिघडवला नाही, घडवला.

तरीही त्यात एक मेख आहे, आणि माझ्या मते इथेच त्याच्या सुधारणेचा खरा विषय आहे.

आपण सिस्टिमवाले सर्व्हरची नुसती सरासरी बघत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव रिक्वेस्ट झटकन गेल्या आणि एक अडकली, तर फोन त्या एकीसाठी येतो, तोही रात्री दोनला. झटपट बुद्धिबळ मोजतं ती सरासरी. ऑनलाईन स्पीड चेस चॅम्पियनशिपच्या तीन तासांच्या सामन्यात पंचवीस-तीस डाव होतात. एक घोडचूक झाली तर दोन मिनिटांत पुढचा डाव सुरू. तिथे नाकामुरा २०१८ ते २०२२ सलग पाच वेळा जिंकला. क्लासिकल मात्र मोजतं तुमचा सर्वात वाईट दिवस. जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत डाव फक्त चौदा. तिथे एक चूक सरासरीत विरघळत नाही, ती तशीच उरते.

कार्लसनविरुद्धचे त्याचे डाव बघा. २०१४ साली झुरिकमध्ये कार्लसन पार मोडकळीला आला होता, पण नाकामुराची जिंकणारी खेळी हुकली आणि तो चक्क हरला. कार्लसनविरुद्ध पहिला क्लासिकल विजय मिळायला २०१६ चं बिल्बाओ उजाडलं.

त्याने केलेली प्रगती म्हणजे नेमकी ही वाईट बाजू छाटत जाणं. तो लवकर वजीर काढण्याचा थिल्लरपणा सुटला. राजापुढची प्यादी झुगारून देणारा किंग्ज इंडियन कमी झाला आणि भक्कम, थोडी कंटाळवाणी ओपनिंग्ज आली. २०१९ नंतर दोनेक वर्षं तो क्लासिकल खेळलाच नव्हता. लोकांनी त्याला 'स्ट्रीमर' म्हणून निकालात काढलं होतं. २०२२ साली वाईल्ड कार्डवर ग्रां प्रीमध्ये आला आणि जिंकून माद्रिदच्या कँडिडेट्सला पोचला!

माद्रिदच्या शेवटच्या फेरीत तो डिंग लिरेनच्या अर्धा गुण पुढे होता. डिंगशीच डाव, बरोबरी केली तरी दुसरा नंबर पक्का. तो हरला. त्यानंतर कार्लसनने किताब न राखण्याचं जाहीर केलं, आणि जगज्जेतेपदाचा सामना खेळायला मिळाला पहिल्या दोघांना. दुसऱ्या नंबरावरचा डिंग २०२३ मध्ये जगज्जेता झाला. एका डावाची किंमत ही अशी असते.

दोन वर्षांनी टोरँटो. ह्यात आपलाही एक माणूस आहे, नाशिकचा विदित गुजराथी. २०२३ च्या ग्रँड स्विस स्पर्धेत विदित पहिला आणि नाकामुरा दुसरा येऊन दोघेही कँडिडेट्सला आले होते. टोरँटोत नाकामुराने पाच डाव जिंकले, सात बरोबरीत सोडवले आणि फक्त दोन हरला. दोन्ही विदितकडून! दुसऱ्या फेरीत विदितने काळ्या मोहऱ्यांनी उंटाचं बलिदान देऊन हरवलं, नवव्या फेरीत पांढऱ्या मोहऱ्यांनी. शेवटी गुकेश ९ गुणांवर, नाकामुरा साडेआठवर. गुकेश पुढे डिसेंबर २०२४ मध्ये जगज्जेता झाला. चौदातले बारा डाव जवळजवळ निर्दोष, आणि हिशोब झाला तो उरलेल्या दोनांचा.

मग भराभर खेळून खेळ बिघडतो का? माझं उत्तर असं. बिघडत नाही, पण खेळातलं बिघडलेलं दिसेनासं होतं. पुढचा डाव इतका जवळ असतो की मागच्याचा जाब कोणी विचारत नाही. शंभर डाव खेळून रेटिंग वाढलं की आपण सुधारलो असं वाटतं, आणि हरलेल्या डावात तीच ती चूक निवांत नांदत असते. नाकामुराने सुधारणा केली ती आणखी वेगाने खेळून नव्हे. वेगाने दिलेली उत्तरं सावकाश तपासून, आणि त्यातली न टिकणारी फेकून देऊन.

आपल्यातल्या अनेकांची ऑफिसातली ओळख 'फटाफट काम करणारा' अशीच असते. अप्रेझलला तेवढं पुरतं, कारण तिथे सरासरी बघतात. पण आपल्या नोकरीतसुद्धा वर्षातून एखादा दिवस माद्रिदच्या शेवटच्या फेरीसारखा येतोच. त्या दिवशी कॅशमध्ये उत्तर नसतं, आणि हात माऊसवरून काढून नुसतं बसून राहता यायला हवं. ही सवय मात्र त्याच दिवशी लागत नाही, आधीच लावून घ्यावी लागते. आठवड्यात तीन मिनिटांचे चाळीस डाव खुशाल खेळा, मीही खेळतो. फक्त त्यातला एक हरलेला डाव शनिवारी सकाळी उघडा, चहा घ्या, इंजिन बंद ठेवा, आणि कुठे घसरलं ते स्वतः शोधा.