‘मोकळी जमीन’ या संज्ञेचा इतिहास : मुंबईच्या गिरण्या, १९९१ ते २००६

नगररचनेच्या इतिहासाचा अभ्यासक प्रथम नकाशाकडे वळतो, हे स्वाभाविकच आहे. निवासी विभाग एका रंगात, औद्योगिक विभाग दुसऱ्या रंगात, अशी ती मांडणी डोळ्यांना तत्काळ पटते. परंतु मुंबईच्या गिरणजमिनींचे प्रकरण तपासले असता असे दिसून येते की, त्या जमिनींचे भवितव्य नकाशातील रंगापेक्षा नियमावलीतील एका संज्ञेने अधिक ठरविले. ती संज्ञा म्हणजे ‘मोकळी जमीन’.

१८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी स्थापिली आणि पुढील काही दशकांत परळ, लालबाग, वरळी, भायखळा हा परिसर गिरणगाव या नावाने ओळखला जाऊ लागला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपाची कथा येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. संपानंतर अनेक गिरण्या बंद पडल्या वा कशाबशा तग धरून राहिल्या, आणि सुमारे सहाशे एकर जमीन औद्योगिक विभागात अडकून पडली, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

ही अडचण सोडविण्यासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ घालण्यात आला. ‘एक तृतीयांशाचा नियम’ म्हणून तो प्रसिद्ध असला, तरी त्यातील कोष्टक अधिक बारकाईचे होते. पाच हेक्टरपर्यंतच्या जमिनीपैकी ३३ टक्के महापालिकेस उद्याने व क्रीडांगणांसाठी, २७ टक्के गृहनिर्माण मंडळास सार्वजनिक घरांसाठी व ४० टक्के मालकास. दहा हेक्टरांहून मोठ्या जमिनीत महापालिकेचा वाटा तोच राही. मंडळाचा ३७ टक्क्यांपर्यंत वाढे आणि मालकाचा ३० टक्क्यांवर येई. नियम उदार होता, पण त्यात सक्ती नव्हती. जुन्या इमारती न पाडता आतल्या आत वापर बदलणाऱ्यास वाटणीचा प्रश्न येत नसे. साहजिकच वाटणीसाठी पुढे येणारे मालक थोडे निघाले. चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील गटाने १९९६ साली राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा एकत्रित आराखडा सुचविला. तो अमलात आला नाही.

यानंतर २० मार्च २००१ रोजी राज्य शासनाने नियम बदलला. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये, म्हणजे योजनेचे स्वरूप न पालटणारे फेरबदल करण्याच्या अधिकारात, हा बदल झाला, ही गोष्ट अभ्यासकाने नजरेआड करू नये. वाटणीचे कोष्टक कायम राहिले. बदलली ती वाटणी करावयाची वस्तू. संपूर्ण जमिनीऐवजी आता केवळ ‘मोकळी जमीन’ व शिल्लक चटईक्षेत्र यांचीच वाटणी व्हावयाची होती. जुन्या बांधकामाइतके चटईक्षेत्र, ते बांधकाम पाडून नव्याने उभारले तरी, मालकाकडेच राही.

येथे गिरणीच्या वास्तुरचनेचा विचार अपरिहार्य ठरतो. कताईची खाती मजल्यांवर चढविता येत. साचेखात्याची गोष्ट वेगळी. मागांचा भार व हादरा सोसण्यासाठी ते बहुधा तळमजल्यावर पसरलेले असे, आणि सूत नीट दिसावे म्हणून त्यावर करवतीच्या दात्यांसारखी, उत्तरेचा उजेड घेणारी छपरे असत. त्यामुळे गिरणीच्या आवारातील पुष्कळशी भूमी झाकलेली असे. समजा, दहा हेक्टरांच्या आवारात आठ हेक्टर छपराखाली आहेत. १९९१ च्या नियमाने उद्यानास ३.३ हेक्टर मिळतील. २००१ च्या नियमाने केवळ दोन हेक्टरांची वाटणी होऊन उद्यानाच्या वाट्यास पाऊण हेक्टरही येणार नाही. विणकामाच्या सोयीसाठी बांधलेल्या छपराने शहराच्या उद्यानाचे माप ठरवावे, हे नियम लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले नसेल असे मानणे कठीण आहे.

बाँबे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुपच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २००५ रोजी निर्णय दिला : इमारत पाडल्यावर रिकामी होणारी जमीनही मोकळीच समजावी. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ अमान्य केला. आजारी गिरण्यांचे पुनरुज्जीवन आणि कामगारांची थकलेली देणी यांसाठी पैसा उभा राहिला पाहिजे, हा विचार नियमाच्या बाजूने होता, आणि तो पोकळ म्हणता येत नाही. मुंबई टेक्स्टाईल मिलची जमीन २००५ साली ७०२ कोटी रुपयांस विकली गेली होती. तथापि या निर्णयाने एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. छपरे उतरविलेली, भिंती पाडलेली, प्रत्यक्षात सपाट पडलेली भूमी कायद्याच्या दृष्टीने बांधलेलीच राहिली. कामगारांच्या घरांसाठी मंडळाकडे आलेला वाटा या उरलेल्या मापातूनच निघाला, आणि त्या घरांची पहिली सोडत निघाली ती २०१२ साली, संपानंतर तीस वर्षांनी.